मागच्या गाडीने बघावं

आई,

तुझा बटणांचा डबा माझ्याकडे आलाय. तोच, बिस्किटांचा, गोल, निळा, ज्यात बिस्किटं मी तरी कधी पाहिली नाहीत. बाबांना गेल्या महिन्यात माझ्या घरी राहायला आणलं. गुडघे फार धरतात त्यांचे, इथल्या त्यांच्या घराचा जिना झेपेना. त्यांच्या सामानात कपड्यांच्या खाली हा डबा होता. काही वर्षांपूर्वी सौदीतलं अल-खोबरचं घर बंद करताना त्यांनी तुझा कुकर, तुझं पुरणयंत्र, सगळं शेजारीपाजारी वाटून टाकलं, पण हा डबा विमानात मांडीवर घेऊन आणला म्हणे. आत हुक, बटणं, मापाची फीत, आणि तळाशी समोरच्या ताईंची ती बिलं. दुपारभर मी ती पलंगावर मांडून बसले होते. एका बिलावर मला असं काही दिसलं की तुला विचारल्याशिवाय राहवत नाही, आणि विचारायची सोय नाही म्हणून लिहिते आहे. या गोष्टीतला अर्धा भाग तुला माहीत आहे, अर्धा मी तुझ्यापासून लपवला. निदान इतकी वर्षं मला तसं वाटत होतं.

समोरच्या ताई पहिल्यांदा आपल्याकडे आल्या त्या हातात वर्तमानपत्राचा कपटा घेऊन. मी सातवीत होते. समोरच्या फ्लॅटमध्ये एक चिनी जोडपं आलंय, नवरा दम्मामच्या बंदराच्या कामावर आहे, बाई घरीच असते, एवढं बाबांकडून कळलं होतं. कपट्यावर नमाजाच्या वेळा छापलेल्या होत्या. बिचारी तीनदा खरेदीला गेली होती, आणि तिन्ही वेळा तिने पोहोचावं आणि दुकानाचं शटर खाली यावं. नमाज सुरू झाला की सगळी दुकानं बंद होतात, अर्धा तास बाहेर थांबावं लागतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तू तिला आत घेतलंस, फ्रिजवर लावलेला आपला वेळांचा तक्ता दाखवलास, ज्यावर तू तांबड्या पेनने खुणा करायचीस, आणि मला हाक मारलीस, "ये गो इकडे, हिला जरा इंग्रजीतनं सांग." तिथून माझी नेमणूक झाली. त्यांचं इंग्रजी पाठ्यपुस्तकातलं, एकेक शब्द जपून खाली ठेवल्यासारखं. तुझं देवरुखच्या मराठी शाळेतलं; वाचलं की कळायचं, पण बोलायची तुला लाज वाटायची. मधे मी, इंग्रजी शाळेतली, तुलाही इंग्रजीत उत्तरं देऊन बोलणी खाणारी. "माझ्याशी मराठीत बोल. इंग्रजी तिच्यासाठी ठेव, नाहीतर संपेल," असं तू म्हणायचीस.

बाकीच्या बायका नमाजाच्या वेळा पाठ करायच्या त्या चुकवायला. तुम्ही दोघी त्या गाठायला लागलात. गुरुवारी दुपारी अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या नमाजाच्या, बांगेआधी बरोबर दहा मिनिटं तू अबाया चढवतेस, समोरची बेल वाजवतेस, आणि आपण तिघी कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटपर्यंत चालत जातो. पोहोचतो तोच शटर खाली. मग पायऱ्यांवर पिशव्या अंथरून अर्धा तास बसायचं. गप्पा घरीही मारता आल्या असत्या, पण घरात तुला कायम काहीतरी काम दिसायचं. पायऱ्यांवर करण्यासारखं काहीच नसायचं. "ही आपली सरकारी सुट्टी," तू म्हणायचीस. आत अडकलेली गिऱ्हाइकं काचेतून बाहेर बघत असायची आणि तू त्यांची कीव करायचीस. तू समोरच्या बाईंना ताई म्हणायचीस, ते ऐकून त्याही तुला ताई म्हणायला लागल्या, त्यामुळे तुमच्यात मोठी कोण हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

म्हणी कशा सुरू झाल्या ते मला लख्ख आठवतंय. मी काहीतरी उलट बोलले आणि तू नेहमीचं ऐकवलंस, "तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त बघितलेत मी." ताईंनी विचारलं, काय म्हणाली? मी सांगितलं. त्या एकदम खुलल्या. म्हणाल्या, आमच्याकडची मोठी माणसंही असंच ऐकवतात: तू जेवढा भात खाल्ला नसशील तेवढं मी मीठ खाल्लंय. मी तुला सांगितलं आणि तू हसून हसून बेजार. "अगो, भात खातो केवढा आणि मीठ केवढं! केवढी म्हातारी असेल ती असं म्हणणारी!" मग म्हणालीस, "पण इथे त्यांचंच बरोबर आहे हो. इतकी वर्षं झाली, धड पाऊस बघितलाय का आपण? माझे पावसाळे आहेत तिथेच राहिले. मीठ तेवढं खाते आहे." यातलं ताईंना मी काय सांगितलं माहीत आहे? "आई म्हणते, छान आहे." मी आळशी दुभाषी होते. तुझ्या दहा वाक्यांचं एक करायचे, त्यांच्या एकाचं अर्धं. तुझे विनोद सगळे माझ्यापाशीच राहिले.

म्हणूनच बहुधा त्यांनी चित्रं काढायला सुरुवात केली. लग्नाआधी आणि नंतरही त्या तिकडे एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग काढायच्या. हाताने मारलेली रेघ पट्टीने मारल्यासारखी यायची. पर्समधून मागच्या आठवड्याचं बिल काढायचं, पालथं करायचं, आणि निळ्या पेनने काढायला लागायचं. एक म्हातारा घोडा आणि त्याच्यामागे वाट चुकलेले शिपाई: जुन्या घोड्याला वाट ठाऊक असते. आल्याचे दोन तुकडे, एक कोवळा, एक सुरकुतलेला: जुनं आलंच जास्त तिखट. घोड्यावर तू म्हणालीस, "त्याला घोडा कशाला हवा? आमच्याकडे बैलसुद्धा झोपलेल्या मालकाला बाजारातनं घरी आणतो." आल्यावर मात्र तुझा विश्वास बसेना. घरी येऊन दोन्ही तऱ्हेचं आलं किसलंस, दोन भांड्यांत दोन चहा केलेस, आणि बाबांना नि मला डोळे मिटून प्यायला लावलंस. जुन्याचा ठसका लागला. "खरं आहे हो तिचं," म्हणालीस, आणि ते बिल ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटपट्टीने लावून टाकलंस. त्यानंतर तुझ्या परीक्षेत पास झालेली प्रत्येक म्हण त्या दारावर गेली. बाबा त्याला तुझं चिनी पंचांग म्हणायचे. ते माझी वही तपासायला बसले आणि फारच खोदायला लागले की तू न बोलता दार उघडून एका बिलावर बोट ठेवायचीस: पाणी फार नितळ असलं की त्यात मासे राहत नाहीत.

एका म्हणीवरून मात्र तुम्हा दोघींची चांगलीच जुंपली. धुळीच्या वादळात ताईंची बाल्कनीत वाळत घातलेली चादर उडून गेली होती, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तिथे दुहेरी दोरी बांधून डझनभर चिमटे लावले. तू म्हणालीस, "बैल गेला आणि झोपा केला." त्या दिवशी माझा मूड बरा असावा, कारण मी नीट समजावून सांगितलं, की बैल चोरीला गेल्यावर गोठ्याला दार बसवलं. ताईंनी आनंदाने टाळी वाजवली आणि बिल काढलं. मोडकं कुंपण, दूर पळालेली मेंढी, आणि हातोडी घेऊन खिळे ठोकणारा माणूस. अगदी तुमच्यासारखीच आमची म्हण, असं त्या म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या की याचा अर्थ, अजून उशीर झालेला नाही. मी ते तुला सांगितलं तर तू मलाच रागावलीस. "नीट विचार तिला. मेंढी गेली ना? मग आता उशीर झाला नाही कसा?" मी पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, बाकीच्या मेंढ्या वाचतात की. शटर वर गेलं तरी तू उठली नाहीस. "म्हणजे असं आहे तर," म्हणालीस. "आमच्या माणसाकडे एकच बैल, म्हणून आम्ही त्याला हसतो. त्यांच्याकडे कळप." आणि मग मला म्हणालीस, "विचार, एकच मेंढी असली तर?" ताईंनी हा प्रश्न ऐकला आणि चित्रातल्या कुंपणाला आणखी एक फळी काढली. मग म्हणाल्या, तरी कुंपण घालायचं. मेंढी परत आली तर? ते बिल तू दारावर सगळ्यात वर लावलंस. त्यांना एकच मुलगी आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आता ती दुपार. तुला ती आठवत असणार, पण मी माझ्या बाजूने सांगते. मी दहावीत होते, डिसेंबर-जानेवारीचे गारव्याचे दिवस. दहावीनंतर मला पुण्याला पाठवायचं हे ठरलं होतं. ठरत नव्हतं ते एवढंच, की तू माझ्याबरोबर यायचं की नाही. बाबांना साखर होती, ते एकटे राहिले की दोन वेळा खजूर आणि दुकानातली खुबूस रोटी खाऊन दिवस काढणार हे तुला माहीत होतं. तू आलीस तर आपण दोघी मामाच्या घराजवळ खोली घेऊन राहणार होतो. नाही आलीस तर मी होस्टेलवर जाणार होते. तू आठवडेच्या आठवडे यावर झुरत होतीस, आणि मी देवाला रोज एकच मागत होते, की तू येऊ नकोस. हे वाचताना वाईट वाटून घेऊ नकोस. तुझा कंटाळा आला होता असं नाही. तेव्हा तिथे बाईने गाडी चालवायची नव्हती, आणि पंधरा वर्षांच्या मला खालच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याकडून, पेन्सिल आणायलाही सोबत लागायची. सुट्टीत पुण्याला मामेबहीण मला स्कूटरवर मागे बसवून डेक्कनला घेऊन गेली होती. सिग्नलला ती एक पाय टेकून उभी राहिली, कुणाला काही न विचारता. तो टेकलेला पाय माझ्या डोक्यातून जाईना. तू बरोबर आलीस तर स्कूटर मिळाली नसती हे मला पक्कं माहीत होतं, कारण तू रस्ता ओलांडतानासुद्धा माझं मनगट धरायचीस.

त्या गुरुवारी शटर पडलं, आपण बसलो, आणि तू मला म्हणालीस, "तिला विचार. तिची मुलगी तिकडे आजीकडे आहे ना? विचार, तिने केलं ते बरं केलं का?" मुलीचं तू बाबांकडून ऐकलं होतंस. माझ्याबद्दलचा प्रश्न तू माझ्याच तोंडून विचारत होतीस. मी विचारला. ताई खूप वेळ बोलल्या, नेहमीपेक्षा हळू. म्हणाल्या, मुलगी दोन वर्षांची असताना आईकडे ठेवून नवऱ्यामागे निघाले, आधी दुसऱ्या बंदरांवर, मग इथे. आता अकरा वर्षांची आहे. आजीला ती आई म्हणते आणि मला फोनवाली म्हणते. मग त्यांनी बिल काढलं. रस्ता काढला. पुढे एक घोडागाडी उलटलेली, चाक वर, पोती सांडलेली. मागून दुसरी गाडी येते आहे, आणि तिच्यावरचा माणूस मान उंच करून बघतो आहे. पुढची गाडी उलटली की मागच्या गाडीने बघावं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, आईला हे नीट सांग. सगळं सांग.

आपल्याकडे याला पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात, हे मला येत होतं. तुझ्याच तोंडून शंभरदा ऐकलं होतं. आणि मी तुला म्हणाले, "त्या म्हणतात, त्यांची मुलगी खूप हुशार झाली एकटी राहून. त्या म्हणतात, पुढची गाडी गेली की मागच्या गाडीला वाट सापडते. मुलांना आधी पाठवावं." तू चित्राकडे बघत होतीस. "मग हिचं चाक वर का?" मी म्हणाले, "त्यांना नीट काढता येत नाही ना." ज्या बाईची वाकडी रेघ आपण चार वर्षांत पाहिली नव्हती तिच्याबद्दल मी हे बोलले, आणि तिच्या शेजारी बसून बोलले. तू बिल उन्हात धरलंस. ताईंकडे पाहिलंस, त्यांचे डोळे भरलेले होते. मग माझ्याकडे पाहिलंस. बिलाची घडी करून पर्समध्ये ठेवलीस आणि म्हणालीस, "तिला सांग, कळलं." मी सांगितलं. ताईंनी तुझा हात दोन्ही हातांत धरला. शटर वर गेलं आणि तू कोथिंबीर, दही, ब्रेड घेतलास, नेहमीसारखा.

जूनमध्ये मी एकटी पुण्याला आले. स्कूटर मिळाली, बाबांनी मामाला सांगून घेऊन दिली, आणि तू विरोध केला नाहीस याचं मला तेव्हा नवलसुद्धा वाटलं नाही. पहिले सहा महिने मी हवेत होते. मग होस्टेलवर ताप आला की, किंवा कुणाची आई डबा घेऊन आली की, मला ती अकरा वर्षांची मुलगी आठवायची, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं. तुझा फोन शुक्रवारी यायचा. तू विचारायचीस, मी "मजेत" म्हणायचे. आपलं बोलणं दर आठवड्याला थोडं लहान होत गेलं. एकदा मी तुला इंग्रजीत उत्तर दिलं आणि तू रागावली नाहीस, ते मला फार लागलं.

ताई दुसऱ्या वर्षी मायदेशी गेल्या, आणि चार महिन्यांनी तू आलीस. बारावीची परीक्षा तोंडावर होती. दोन बॅगा घेऊन होस्टेलच्या दारात उभी राहिलीस आणि पहिलं वाक्य काय म्हणालीस, तर "एकच मेंढी आहे, तरी आले कुंपण घालायला." मी हसले. मामाच्या गल्लीत आपण खोली घेतली. सोळा महिने. तू रोज मागे लागायचीस, जेव, झोप, हेल्मेट घाल. मी चिडायचे, आणि चिडताना मला इतकं बरं वाटायचं की काय सांगू. मग तुझं दुखणं निघालं आणि पावसाळ्यापर्यंत सगळं आटोपलं. त्या सोळा महिन्यांत मी तुला तीनदा सांगायला आले होते. एकदा तू तांदूळ निवडत होतीस, एकदा आपण बसथांब्यावर होतो, एकदा हॉस्पिटलात. तिन्ही वेळा मी दुसरंच काहीतरी बोलले. मला भीती होती ती तुझ्या रागाची नाही. तू म्हणशील "म्हणजे मी उगाच राहिले तिकडे दोन वर्षं," याची.

तर आता ते बिल. बाकीच्या सगळ्या बिलांच्या कोपऱ्यांना पिवळ्या पडलेल्या चिकटपट्टीचे तुकडे आहेत. बाबांनी एकेक अलगद सोडवलेलं दिसतंय. उलटलेल्या गाडीच्या बिलाला चिकटपट्टीची खूणसुद्धा नाही, म्हणजे ते दारावर कधी गेलंच नाही. बिलांवरचं छापलेलं सगळं उडून गेलंय, काय घेतलं होतं ते कळत नाही, पालथ्या बाजूचं निळं पेन मात्र जसंच्या तसं आहे. उलटलेली गाडी, सांडलेली पोती, मान उंच केलेला माणूस. आणि त्याच्याही मागे, रस्त्याच्या कडेला, तांबड्या पेनने, ज्याला खरोखरच चित्र काढता येत नाही अशा कुणीतरी काढलेली एक स्कूटर. दोन चाकं, एक हँडल, वर एक मुलगी, आणि तिची वेणी मागे उडते आहे.

म्हणजे तुला कळलं होतं. पण कधी, ते मला काही केल्या ठरवता येत नाही. ते तांबडं पेन फ्रिजवर दोऱ्याला बांधलेलं असायचं, ते पुण्याला आलं नव्हतं, तेव्हा स्कूटर तू खोबरला असतानाच काढलीस एवढं नक्की. त्याच दुपारी, कोथिंबीर ठेवायच्या आधी? मी गेल्यावर, रिकाम्या घरात? ताईंना तू मागाहून, तुझ्या त्या लाजऱ्या इंग्रजीत, काही विचारलंस का? आणि कळूनही मला का जाऊ दिलंस? बाबांच्या साखरेसाठी, की माझ्या त्या टेकलेल्या पायासाठी? तो पाय मी तुला कधी सांगितला नव्हता, पण तुला न सांगितलेलं तुला माहीत नसायचं असं कुठे होतं. मी बाबांना बिल दाखवलं. ते चष्मा वर करून बराच वेळ बघत होते. म्हणाले, "ही स्कूटर वाकडी का आहे?" तेही मला सांगता येईना. ती एका बाजूला कललेली आहे. उलटलेल्या गाडीला वळसा घालून पुढे निघाली आहे म्हणून कलली, की पडते आहे, हे तुझ्या चित्रावरून कळायला मार्ग नाही.

हे कागद मी आता बटणांखाली ठेवून डबा बंद करणार आहे. त्याआधी एक बारीकशी गोष्ट राहिली. स्कूटर घेतल्यावर पहिल्याच महिन्यात मी पडले होते. वळणावर बारीक खडी होती, चाक घसरलं, कोपर सोलून निघालं, दोन दिवस गुडघा वाकत नव्हता. शुक्रवारी तुझा फोन आला आणि तू विचारलंस, आवाज असा का येतोय. मी म्हणाले, होस्टेलच्या जिन्यावरून घसरले गं, विशेष काही नाही. पलीकडून तू म्हणालीस, "कळलं."